घरच्या लांकडाची लेखणी

लोणंदचें नांव काढलें कीं आमच्या पुण्याच्या स्नेह्यांना दोन गोष्टी आठवतात: तेथील कांद्याचा बाजार आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम. नीरा नदीवर स्नान आटोपून पालखी सातारा जिल्ह्यांत येते ती प्रथम लोणंदासच विसावते. आम्हांला मात्र त्या नांवाबरोबर तिसरीही एक गोष्ट आठवते. ती म्हणजे तेथील आमच्या वडिलार्जित घराच्या ओसरीवरची सागवानी तुळई. पालखीच्या दिवसांत तिच्याखालीं वारकऱ्यांच्या पंक्ती बसत. एरवीं तिच्या लोखंडी कडीला घरांतल्या तान्ह्या मुलांचा पाळणा टांगलेला असे. त्या पाळण्यांत आम्ही झोंपलों, आमचे बंधू झोंपले, चुलत भावंडें झोंपलीं. आज तें घर नाहीं. परंतु ह्या महिन्याचें हें सदर आम्ही ज्या लेखणीनें लिहीत आहों, ती त्या तुळईची आहे. ती कशी झाली हें आज सांगण्याचें योजिलें आहे. वाचकांनीं ही आमची खाजगी गोष्ट म्हणून सोडून देऊं नये. कारण ज्या घरांत एखादी जुनी तुळई, मोडकें गाडें किंवा वठलेलें झाड आहे, त्या घराला ती उपयोगी पडण्यासारखी आहे.

आमच्या घराच्या वांटण्या होऊन सहा वर्षें झालीं. त्या वेळीं जीं बोलणीं झालीं तीं येथें लिहिण्यासारखीं नाहींत. शिवाय तीं सर्वच घरांत थोड्याफार फरकानें सारखींच होत असल्यामुळें लिहिण्याची गरजही नाहीं. परिणाम एवढाच सांगतों कीं, आमचे थोरले चुलत बंधू आबा ह्यांचें व आमचें बोलणें तेव्हांपासून बंद पडलें. लोणंदच्या घरांत आमच्या थोरल्या वहिनी, ज्यांना सारें कुटुंब माई म्हणतें, एकट्या राहत. दोन पावसाळ्यांपूर्वीं मागची भिंत खचली, माई पुण्यास आमच्याकडे आल्या, आणि घर उतरविण्याचें ठरलें. लांकूडवाल्यानें तुळईची किंमत बरी सांगितली. माई म्हणाल्या, "बाकी सगळें विका, पण तुळईला हात लावूं नका." आतां एवढी लांब तुळई ठेवावी कोठें? आम्ही सारे तिसऱ्या-चवथ्या मजल्यांवरचे बिऱ्हाडकरू. ती जिन्यांतून वर चढली नसती. तेव्हां आमचे धाकटे बंधू तात्या पुढें झाले व म्हणाले, "माई, कडीच्या बाजूचें दोन फूट मला द्या. मी त्याच्या लेखण्या करतों. म्हणजे प्रत्येकाच्या घरीं थोडी थोडी तुळई राहील."

आम्ही हंसलों. माई हंसल्या नाहींत. त्यांनीं थोडा वेळ विचार केला आणि रुकार दिला.

तात्या हे कारखान्यांतून निवृत्त झालेले यंत्रज्ञ. निवृत्तीनंतर त्यांनीं एक लहानसें लेथ विकत घेऊन गच्चीवरच्या खोलींत बसविलें, आणि तेव्हांपासून त्यांना लांकूड कांतण्याचा नाद लागला. लेथ म्हटलें कीं आपल्याकडे लोखंडच डोळ्यांपुढें येतें. ह्याच टापूंत, आजच्या सांगली जिल्ह्यांत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली, आणि पुढें १९४१ सालीं हरिहर येथें लेथ बनविण्याचा किर्लोस्करांचा कारखाना निघाला, हें वाचकांस ठाऊक असेल. परंतु लेथची ओळख आपल्याला त्याच्या फार पूर्वींची आहे. पाळण्याचीं खेळणीं, पोळपाट-लाटणें, देव्हाऱ्याचे खांब हीं सारीं कांताऱ्याच्या हातचीं. सावंतवाडीचा कांतारी लांकूड फिरत असतांनाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतो, घर्षणाच्या उष्णतेनें लाख पातळ होते आणि लांकडावर आरशासारखी चढते. तात्यांचें म्हणणें असें कीं, लेखणी कांतणें हें लाटणें कांतण्यासारखेंच आहे. फरक एवढाच कीं येथें केंसभर चूक झाली तरी ती बोटांना कळते.

तुळईला हात घालण्यापूर्वीं त्यांनीं वर्षभर हात बसविला. काय काय कांतलें ह्याची यादी ऐकून वाचकांस मौज वाटेल. पहिली लेखणी बाभळीची झाली. लोणंद-फलटणच्या कोरड्या मुलुखांत बाभळीला तोटा नाहीं, परंतु ओली फांदी तोडून तीच कांतावी ही समजूत चुकीची ठरली. ओलें लांकूड सुकतांना आकसतें. आंत बसविलेली पितळी नळी कांहीं आकसत नाहीं. मग लांकूड उभें तडकतें. तात्यांच्या पहिल्या चारही लेखण्या अशाच फुटल्या. पुढें एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागें मोडक्या बैलगाडीचें चाक पडलेलें मिळालें. त्याचे आरे बाभळीचे, चाळीस-पन्नास उन्हाळे खाल्लेले. त्याची लेखणी अशी दणकट झाली कीं ती हातांतून फरशीवर पडली तेव्हां आम्ही फरशीकडे पाहिलें.

त्यानंतर चिंच झाली, बोर झाली, बांबू झाला. नारळाच्या करवंटीनें फार त्रास दिला, कारण ती वांकडी. तिचे लहान लहान तुकडे शेजारीं शेजारीं चिकटवून मग कांतावे लागले, परंतु झिलई मात्र अशी आली कीं काळ्या दगडाची भ्रांति व्हावी. म्हशीच्या शिंगाला भोंक पाडतांना जी दुर्गंधी सुटली तिनें सारी इमारत चौकशीला वर आली, आणि तो प्रयोग माईंच्या हुकुमानें थांबला. दाणे काढून घेतलेलें मक्याचें कणीस इतकें भुसभुशीत कीं हत्यार लागतांच त्याचा भुगा व्हावा. परंतु पातळ डिंकासारखें रसायन त्यांत पुरें मुरवून वाळविल्यावर तेंही कांतलें गेलें, आणि त्यावर दाण्यांच्या घरांची जी नक्षी उमटली ती कोणत्याही लांकडाला नाहीं.

दोन वस्तूंना मात्र तात्यांनीं स्पष्ट नकार दिला. एका आप्तांनीं दिवाणखान्यांतलें जुनें सांबरशिंग देऊं केलें. हरणांचीं शिंगें दरवर्षीं आपोआप गळून पडतात, मग त्यांत हत्या कोठली, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गळलेलें शिंगही व्यापाराची वा कारागिरीची वस्तु राहिलेलें नाहीं, आणि तें योग्यच आहे. एकदां शिंगाला किंमत आली कीं तें गळण्याची वाट कोण पाहतो? चंदनाची गोष्टही तीच. ज्या चंदनाची पावती दाखवितां येत नाहीं, तें घरांत आणूं नये. आमच्या वाचकांपैकीं ज्यांना हा छंद लागेल त्यांनीं हा नियम आरंभींच पाळावा, आणि त्यापुढें जाऊन आम्ही असें म्हणूं कीं, लेखणीसाठीं उभें झाड कधींच तोडूं नये. लेखणीला लागतें तरी किती? बोटाएवढ्या जाडीचा आणि वीतभर लांबीचा तुकडा. तो सुताराच्या दुकानाच्या कचऱ्यांतही मिळतो.

आतां तुळईकडे वळतों. तात्यांनीं दोन फुटांचा तुकडा तपासला तेव्हां त्यांत जुने खिळे निघाले. लांकडाच्या पोटांत मोडलेला एक खिळा हत्याराची धार क्षणांत घालवितो, म्हणून लोहचुंबक फिरवून एकेक खिळा शोधून काढला. सागांत वाळूसारखा कठीण अंश असतो, त्यामुळें हत्यार वारंवार पाजवावें लागतें. आणि तो तेलकट असतो, त्यामुळें चिकटविण्यापूर्वीं आंतली बाजू स्पिरिटनें पुसून घ्यावी लागते. चौकोनी कांड्या पाडून झाल्या कीं प्रत्येकीच्या मध्यांतून सरळ भोंक पाडावयाचें. हें सर्वांत अवघड काम. गिरमिट घाईनें दाबलें तर लांकूड तापतें आणि तडकतें. म्हणून थोडें दाबावें, मागें घ्यावें, भुगा झाडावा, पुन्हां दाबावें. त्या भोंकांत पितळी नळी चिकटवावयाची, दोन्हीं टोंकें काटकोनांत साफ करावयाचीं, आणि मग ती कांडी लेथवर चढवावयाची. पहिल्यानें चौकोनाचे कोपरे उडतात तेव्हां खटखट असा आवाज येतो. कांडी गोल झाली कीं आवाज बदलून एकसारखा सळसळू लागतो, आणि सागाचे सोनेरी पापुद्रे लांबच लांब निघूं लागतात. शेंसव्वाशें वर्षांचें काळवंडलेलें तें लांकूड, परंतु आंतून त्याला नव्या सागाचा तोच तेलकट वास येत होता. माई तेवढ्यासाठीं दोन जिने चढून वर येऊन बसल्या.

शेवटीं खरखरीत कागदापासून अगदीं मऊ कागदापर्यंत क्रमाक्रमानें घासून वर लाखेचें पाणी चढवावयाचें. हें पाणी म्हणजे स्पिरिटांत विरघळविलेली लाख. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांची ती करणी. हें सारें करतांना डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडकें अवश्य असावें, कारण लांकडाचा बारीक भुगा छातीला बाधतो. तो शेजारच्या वाळत घातलेल्या पापडांनाही बाधतो, ही गोष्ट आम्हांला शेजारीणबाईंनीं येऊन सांगितली.

येथें आम्हीं तात्यांना एक शंका विचारली. लांकूड घरचें, लाख देशी. परंतु निब, खिशाला अडकविण्याचा चाप आणि शाईची नळी दुकानांतून विकत आणलेली. मग ही लेखणी आपण केली असें म्हणावें कसें? आमचे आजोबा बोरूनें लिहीत. नदीकांठचें गवत, चाकूचा एक तिरपा छेद आणि मध्यें एक चीर, कीं लेखणी तयार. शाईही घरचीच: दिव्याचें काजळ आणि बाभळीचा डिंक घोंटून केलेली, नाहींतर हिरडा आणि हिराकस उकळून केलेली. लोणंदाहून फार दूर नसलेल्या मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आहे. तेथलें सुप्रसिद्ध मोडी दप्तर असल्याच बोरूंनीं लिहिलेलें. आमच्याही माळ्यावर घर उतरवितांना मोडी कागदांचें एक गांठोडें निघालें. घड्या उलगडल्या तेव्हां आंतून बारीक वाळूचे कण गळाले. ओली शाई टिपण्यासाठीं अक्षरांवर वाळू पसरीत, ती तशीच राहिली होती. लिहिणाराची वाळू आमच्या हातावर आली, परंतु त्यानें काय लिहिलें तें आम्हां पांच पदवीधरांपैकीं एकालाही वाचतां आलें नाहीं.

तात्यांचें उत्तर विचार करण्यासारखें होतें. ते म्हणाले, "दादा, समर्थांनीं दासबोधांत लेखनक्रियेवर एक सबंध समास लिहिला आहे, एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच. त्यांतही ते बोरू नाना देशांहून आणावयास सांगतात. आपल्याच बांधावरचा हवा असें म्हणत नाहींत." आम्हीं समास काढून पाहिला. बोरू घट्ट, बारीक आणि सरळ असावे, अक्षर वाटोळें आणि मोकळें असावें, शाई काळीभोर असावी, हें सारें तेथें आहे. आणखीही एक गोष्ट आहे, जी पूर्वीं वाचूनही आमच्या ध्यानांत राहिली नव्हती. ग्रंथ केवढाही मोठा असो, पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत तो एकाच टांकानें लिहिल्यासारखा दिसावा, असें समर्थ सांगतात. म्हणजे त्यांची दृष्टि साहित्याच्या जन्मस्थानाकडे नाहीं, लिहिणाराच्या हाताकडे आहे.

स्वदेशीच्या काळीं आपल्या देशानें ह्या प्रश्नाशीं चांगली झटापट केली आहे. १८८४ सालीं वॉटरमननें अमेरिकेंत आपल्या फौंटनपेनाचें पेटंट घेतलें, आणि थोड्याच दशकांत आपल्या वकील-मास्तरांच्या खिशांत विलायती पेनें आलीं. राजमहेंद्रीच्या रत्नम् ह्यांनीं हातानें फिरविण्याच्या लेथवर एबोनाइटचीं पेनें कांतण्यास आरंभ केला, आणि त्यांचें पेन वापरून पाहून गांधीजींनीं १९३५ सालीं वर्ध्याहून त्यांना समाधानाचें पत्र धाडलें. हें एबोनाइट तरी काय? रबराच्या झाडाचा चीक गंधकाबरोबर भाजून कठीण केलेला. तेव्हां झाडाची लेखणी ही कल्पना वाटते तितकी विक्षिप्त नाहीं. एबोनाइटला शाई बाधत नाहीं, लांकडाला बाधते. म्हणून लांकडी लेखणींत शाई वेगळ्या नळींत ठेवावी लागते, एवढाच काय तो भेद.

दसऱ्यापर्यंत चौदा लेखण्या झाल्या. मुलांनीं पाटीवर सरस्वती काढली, तिच्यापुढें त्या ओळीनें मांडल्या, आणि पूजा झाल्यावर माईंनीं त्या आपल्या हातानें वांटल्या. वांटून झाल्यावर एक उरली. ती इतरांहून थोडी निराळी होती. तिच्या सोनेरी अंगावर काळ्या रंगाचा एक धुरकट पट्टा होता. आम्हांला वाटलें, बिघडलेली म्हणून मागें ठेवली असेल. माई म्हणाल्या, "ही आबांची. आणि ती तुम्हीं पाठवावयाची. नुसती नव्हे, बरोबर पत्र हवें, आणि तें तुमच्या हातचें हवें."

खरें सांगावयाचें तर आम्हीं टाळाटाळ केली. दसरा झाला, दिवाळी झाली. आम्ही दरमहा ह्या सदरांत वाचकांना चार हिताच्या गोष्टी सांगतों, परंतु सख्ख्या चुलत भावाला चार ओळी लिहावयाच्या तर मायना काय घालावा येथेंच हात अडे. आमची स्वतःची नवी लेखणी न वापरल्यानें वाळून बसली. फौंटनपेनाचा हा धर्मच आहे. निबेच्या चिरेंतून शाई केशाकर्षणानें खालीं उतरते, ती वाहती राहिली तर राहते, नाहींतर तेथेंच सुकून वाट बंद करते. तात्यांनीं ती कोमट पाण्यानें धुऊन दिली आणि कांहीं न बोलतां टेबलावर ठेवून ते निघून गेले.

त्या रात्रीं आम्हीं पत्र लिहिलें. वांटणीच्या वेळीं आम्हीं जें बोलावयास नको होतें तें कोणतें, हें त्यांत लिहिलें. टंकलेखन असतें तर आठ वेळां पुसून शेवटीं गुळगुळीत कांहीं तरी पाठविलें असतें. हातानें लिहिल्यामुळें खोडलेले शब्द तसेच राहिले, आणि ते राहिले हेंच बरें झालें.

पंधरा दिवसांनीं उत्तर आलें. आबांचें अक्षर आतां कांपतें, तरी ओळ सरळ होती आणि शाई आम्हीं पाठविलेल्या लेखणीचीच होती. वांटणीविषयीं एक अक्षर नव्हतें. प्रकृतीचें वर्तमान होतें, नातवाच्या मुंजीचें होतें, आणि शेवटीं एकच प्रश्न होता: हा काळा पट्टा पाळण्याच्या कडीचा काय?

आम्हीं तात्यांना विचारलें. होय, कडीचाच. लोखंड दमट लांकडांत वर्षानुवर्षें राहिलें कीं लांकडांतला तुरट अंश आणि लोखंड मिळून काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस ह्यांची शाई होते तीही ह्याच न्यायानें. म्हणजे तुळईच्या पोटांत इतकीं वर्षें शाईच तयार होत होती. तात्यांनीं तो तुकडा मुद्दाम आबांसाठीं निवडला होता, कारण त्या पाळण्यांत आमच्या पिढीपैकीं पहिल्यानें झोंपले ते आबा.

हल्लीं आमच्या घरांत दर महिन्याला पांच-सहा पत्रें येतात. फार कांहीं त्यांत नसतें. एका पुतणीनें मोडीच्या वर्गांत नांव घातलें आहे आणि माळ्यावरच्या गांठोड्यांतला पहिला कागद तिनें लावला. तो आमच्या पणजोबांनीं आपल्या भावाला लिहिलेला, बैल विकण्यासंबंधींचा निघाला. तिला थोडा हिरमोड वाटला, आम्हांला वाटला नाहीं.

आमच्या वाचकांना लेथ घ्या असें आम्ही सांगत नाहीं. तें खर्चाचें काम आहे, आणि पापडांचा प्रश्न आहेच. परंतु जुनें घर उतरवितांना, गाडें मोडींत घालतांना, वठलेलें झाड तोडतांना हातभर लांकूड बाजूला काढून सावलींत सुकत ठेवावें. कांतणारा पुढें केव्हां तरी भेटतो. आणि लेखणी झाली कीं ती कांचेच्या कपाटांत ठेवूं नये. ती वाळते. आमची आबांना दुसरें पत्र लिहिण्यापुरती शाई अजून शिल्लक आहे, तेव्हां हें सदर येथेंच पुरें करतों.